उलटी बसलेली पट्टी

आज जेवताना क्षितिज म्हणाला की त्याच्या बाजूने करता येण्यासारखं होतं ते सगळं त्याने केलं आहे. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. क्षितिज माझा मुलगा, चौतीस वर्षांचा. हे वाक्य त्याच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा अर्थ मला पाठ आहे. त्याने काहीही केलेलं नाही. एरवी मी ऐकून सोडून देते. पण मंगळवारी सकाळी यशश्रीचं ऑपरेशन आहे, ते बहुधा गरज नसताना होणार आहे, आणि आज दुपारपर्यंत हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक माझा मुलगा आणि दुसरा त्याचा साहेब.

यशश्री ही प्रेमाची मुलगी. आम्ही बेंगळुरूला आलो तेव्हा यजमानांच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये प्रेमा आमच्या शेजारी राहायची. पन्नाशी ओलांडली आणि अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. तिची बहीण त्याआधीच तशीच गेली होती. यशश्री आता एकोणचाळीसची आहे, दोन मुलं आहेत, शाळेत गणित शिकवते. लहानपणी क्षितिजलाही तिनेच गणित शिकवलं, क्वार्टर्सच्या जिन्यात बसून, आणि त्याबद्दल कधी साधं चॉकलेटही घेतलं नाही. दिवाळीनंतर तिच्या जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. असा कॅन्सर आणणारा आईचा दोष तिच्यातही उतरला आहे, असं त्यात लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, अंडाशयं आत्ताच काढू, स्तनांचं पुढच्या वर्षी पाहू. ती माझ्याकडे येऊन अर्धा तास रडली, चहा प्याली आणि म्हणाली, ‘मुलं लहान आहेत काकू, काढून टाकते.’ रिपोर्ट क्षितिजच्या लॅबचा होता.

क्षितिज लहानपणी त्रास न देणारा मुलगा होता. क्वार्टर्समधल्या बायका मला नशीबवान म्हणायच्या. त्रास न देणारं मूल म्हणजे काय हे मला हळूहळू कळत गेलं. असं मूल स्वतःसाठीसुद्धा कोणाला त्रास देत नाही, मग दुसऱ्यासाठी देण्याची गोष्टच सोडा. पाचवीत असताना सहामाहीच्या निकालात त्याला विज्ञानाला गैरहजर दाखवलं. तो हजर होता, दुसऱ्या बाकावर बसून त्याने सगळा पेपर लिहिला होता. बाईंनी वर्गात नावं वाचली, ‘क्षितिज, गैरहजर’ म्हणाल्या, आणि हा खाली बघत राहिला. घरी येऊन आमटी-भात खाताना मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. पेपर दुसऱ्या तुकडीच्या गठ्ठ्यात सापडला, चांगले मार्क होते. मी त्याला विचारलं, अरे, हात वर करून सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, बाई घाईत होत्या.

मोठा झाला तरी समोरचा माणूस त्याला नेहमी घाईतच दिसला. एमएस्सी करून पहिली नोकरी लागली तेव्हा तो कोरमंगलात पीजीमध्ये राहायचा. तिथला गीझर बिघडलेला. त्याने अख्खा थंडीचा मोसम गार पाण्याने आंघोळ केली. मी भेटायला गेले तर त्याने मला लॅपटॉपवर एक तक्ता दाखवला, कुठल्या दिवशी किती वाजता पाणी कसं होतं याचा. रंग भरलेले. ‘निळा म्हणजे गार,’ असं मला समजावून सांगितलं. तक्ता संपूर्ण निळा होता. मी खाली गेले आणि माझ्या बाजारहाटाच्या कन्नडमध्ये मालकाला विचारलं, बिसी नीरू कधी येणार, म्हणजे गरम पाणी. तो बिचारा चकित झाला. ‘तुमचा मुलगा कधी बोललाच नाही, अम्मा,’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी गीझर दुरुस्त झाला. क्षितिजने मला फोन करून कळवलं, आता तक्त्यात लाल रंग आला आहे.

लग्नाचंही तेच. ऋचाने त्याला विचारलं, ऋचाने तारीख ठरवली, सर्जापूर रोडवरचा फ्लॅट ऋचाने पसंत केला. ती हुशार मुलगी आहे. आपल्याला काय मिळतंय हे तिला नीट कळलं असावं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लेबलं मात्र याने लावली. पदार्थाचं नाव, आणल्याची तारीख, संपवण्याची तारीख. आमच्या बनशंकरीच्या घरातही एका गणपतीत त्याने फ्रिजमधल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावून टाकली, आणि त्या दिवसापासून मला घरातलं दही सापडत नाही.

बाहेरच्या लोकांना तो सांगतो की मी जीनोमिक्समध्ये आहे. लोक मान डोलवतात. प्रत्यक्षात तो फायली सांभाळतो. हॉस्पिटलांतून माणसांचं रक्त लॅबमध्ये येतं, त्यातला डीएनए काढून यंत्रात घालतात, यंत्र तो अक्षर अक्षर वाचतं, आणि त्या वाचण्याच्या ज्या प्रचंड फायली तयार होतात त्या जपून ठेवणं, तपासणं, ज्याची त्याला लावून देणं हे त्याचं काम. हे काम तो ज्या भक्तीने करतो तेवढी भक्ती मी देवळात फार थोड्या माणसांत पाहिली आहे. प्रत्येक फायलीच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. प्रत फायलीबरहुकूम उतरली की नाही हे पाहायला दोन्हीकडून एक लांबलचक आकडा काढायचा आणि जुळवायचा. नावात तारीख, यंत्र, खेप, नमुना, सगळं ठरलेल्या क्रमाने. कोणी फायलीला ‘फायनल’ नाव दिलं, आणि मग ‘फायनल नवीन’, आणि मग ‘फायनल नवीन खरं’, तर त्याचा चेहरा आजारी माणसासारखा होतो. यंत्रातून आलेल्या मूळ डेटाला हात लावायचा नाही, हे तर तो आम्हाला जेवताना सांगतो. आमच्यापैकी कोणी लावणार होतं असं नाही.

या कामातलं थोडं मला समजतं, कारण तो सतत तेच बोलतो. पूर्वी डीएनए एका वेळी एका माणसाचा, त्यातही एकेक तुकडा घेऊन वाचत. सावकाश काम, पण कोणाचं वाचतोय यात घोटाळा व्हायला जागा कमी. आताचं यंत्र कोट्यवधी तुकडे एकदम वाचतं, म्हणून त्यात एका माणसाचा डीएनए घालणं परवडत नाही. पुष्कळ माणसांचा एकत्र कालवून घालतात. कालवण्याआधी प्रत्येकाच्या तुकड्यांना एक खूण चिकटवतात, तीही डीएनएचीच, काही ठरावीक अक्षरांची. यंत्र तुकड्याबरोबर खूणही वाचतं, आणि मग संगणक खुणा बघून ज्याचे तुकडे त्याच्या नावावर लावतो. मी म्हटलं, म्हणजे धोब्यासारखं. सगळ्या आळीचे कपडे एका भट्टीत, आणि कॉलरच्या आतली खूण बघून घरोघर वाटायचे. तो म्हणाला, ‘अगदी तसं नाही गं आई.’ पण अगदी तसंच आहे.

या लॅबचे प्रमुख हयवदन सर. परदेशात शिकून आलेले, दाढी राखलेली, गृहस्थ दिसायला छान. मी त्यांना एकदा पाहिलं, लॅबच्या वार्षिक समारंभात, तिथे घरच्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी इंग्रजीत लांब भाषण केलं आणि त्यात भविष्य हा शब्द इतक्यांदा आला की वर्तमानात जेवण कधी देणार असं शेजारच्या बाईंनी मला विचारलं. क्षितिज त्यांच्याकडे टक लावून बघत होता. सात वर्षं तो तिथे आहे, सर त्याला ‘रिलायबल’ म्हणतात, आणि हे तो घरी येऊन सांगतो. मी सरांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. जो माणूस कधी नाही म्हणणार नाही याची खात्री असते त्याला दुसरं काय म्हणणार?

एक नियम त्यांच्याकडे पूर्वी होता. नव्या यंत्रात कोणाचा दोष सापडला, तर त्याचं जपून ठेवलेलं मूळ रक्त फ्रीजरमधून बाहेर काढायचं आणि तेवढाच तुकडा जुन्या पद्धतीने, एकट्याचा वाचून खात्री करायची. मग रिपोर्ट द्यायचा. गेल्या वर्षी हयवदन सरांनी हा नियम बंद केला. यंत्र आता इतकं अचूक आहे की जुन्या पद्धतीत वेळ घालवणं मागासपणाचं आहे असं ते मीटिंगमध्ये म्हणाले. क्षितिजला ते पटलं नव्हतं. मीटिंगमध्ये तो काही बोलला का, असं मी तेव्हा विचारलं होतं. नाही. सर घाईत होते.

तर यशश्रीचं रक्त क्षितिजच्याच सांगण्यावरून या लॅबमध्ये आलं. आमच्याकडे नीट होईल, असं तो तिला म्हणाला. तिच्या खेपेत आठ माणसं होती. खुणांचं द्रावण आठ छोट्या नळ्यांच्या एका प्लास्टिकच्या पट्टीत येतं, पहिली नळी पहिल्या माणसाची, आठवी आठव्याची. आठ सुया असलेलं एक उपकरण असतं, त्याने आठही नळ्यांतलं एकदम उचलून आठही नमुन्यांत घालतात. त्या वेळी पट्ट्या नेहमीच्या कंपनीच्या नव्हत्या. पहिली नळी कुठली ही खूण त्यांच्या झाकणावर होती, आणि झाकण काढल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसत. तिथल्या मुलीने पट्टी उलटी बसवली. पहिल्याची खूण आठव्याला, दुसऱ्याची सातव्याला, तिसऱ्याची सहाव्याला, चौथ्याची पाचव्याला. यंत्राने पुढे सगळं अगदी बिनचूक वाचलं. फक्त नावं भलत्यांची लागली.

हे कळलं कसं, तर संगणक एक साधी तपासणी करतो. डीएनए पुरुषाचा आहे की बाईचा, आणि अर्जावर काय लिहिलंय. आठांत दोन पुरुष होते, पहिला आणि सहावा. पहिल्याच्या नावावर बाई निघाली आणि आठव्या बाईच्या नावावर पुरुष. तसंच तिसऱ्या आणि सहाव्याचं. क्षितिज हे घेऊन हयवदन सरांकडे गेला. सर म्हणाले, दोन जोड्यांची अदलाबदल झालीय, नावं फिरवून टाक, बाकीचे चार पास झालेत ना? बाकीचे चार पास झाले होते. त्याने नावं फिरवली. रिपोर्ट गेले.

पुढच्या आठवड्यात जुने कागद लावताना त्याच्या लक्षात आलं की अदलाबदल झालेल्या जोड्या सहज झालेल्या नाहीत. पहिला-आठवा, तिसरा-सहावा. म्हणजे पट्टीच उलटी होती. आणि पट्टी उलटी असेल तर दुसरा-सातवा आणि चौथा-पाचवा यांचीही अदलाबदल झालेलीच असणार. ते पास झाले कारण त्या दोन्ही जोड्यांत बायका-बायका होत्या. बाईच्या नावावर बाईच निघाली, संगणक खूश झाला. यशश्री दुसरी होती. तिच्या नावावर जो दोष गेला तो बहुधा सातव्या बाईचा आहे. आणि सातव्या बाईला तुम्ही निर्धोक आहात असं कळवून झालं आहे.

हे त्याला कळून पुरेसे दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत त्याने काय काय केलं ते आज जेवताना बाहेर आलं.

रविवार म्हणून तो जेवायला आला, एकटाच. ऋचा मैत्रिणींकडे गेली होती. मी अळूची पातळ भाजी केली होती, त्याला आवडते म्हणून. तो पानावर बसला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘यशूताईचं ऑपरेशन कधी आहे गं? जानेवारीत ना?’

‘मंगळवारी,’ मी म्हटलं. ‘डॉक्टर सुट्टीवर जाणार आहेत म्हणून अलीकडे घेतलं. उद्या दुपारी अ‍ॅडमिट होतेय.’

त्याचा हात भातावर तसाच राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. बरंच लांबण लावून सांगितलं. आधी पट्टीची कंपनी, मग झाकण, मग तपासणीची पद्धत, आणि यशश्रीचं नाव सगळ्यात शेवटी, अगदी हळू. माझ्या यजमानांनी, रत्नाकरांनी, पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

‘तुझ्या साहेबांना सांगितलंस?’ मी विचारलं.

तो म्हणाला, केबिनमध्ये गेलो होतो. सर फोनवर होते. त्यांनी एक बोट वर केलं, म्हणजे थांब. हा थांबला. फोन संपेना, तेव्हा आपल्या जागेवर परत आला आणि तिकीट टाकलं.

‘कसलं तिकीट?’ रत्नाकर म्हणाले.

त्यांच्या लॅबमध्ये अडचणी नोंदवायची एक व्यवस्था आहे. एसी चालत नाही, प्रिंटरची शाई संपली, असं काही असलं की तिथे लिहायचं. त्याला तिकीट टाकणं म्हणतात. रत्नाकर जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, अशा गोष्टींत त्यांना रस येतो. त्यांनी विचारलं, तातडी किती दिलीस?

‘मीडियम.’

‘एका बाईचे अवयव कापून काढणार आहेत,’ मी म्हटलं, ‘आणि तू मीडियम दिलंस.’

‘हाय दिलं की सगळ्या लॅबला मेल जातो, आई.’

‘मग? जाऊ दे की.’

‘पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आहे. सरांना वाटलं असतं मी मुद्दाम करतोय.’

तिकीट सरांनी दुसऱ्याच दिवशी बंद केलं होतं. खाली एकच शब्द लिहून, ‘नोटेड’. क्षितिजने त्या शब्दाचा अर्थ आम्हाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याचा अर्थ असा होऊ शकतो म्हणाला, की सर आपल्या परीने काहीतरी करत असतील. मी विचारलं, यशश्रीचं रक्त पुन्हा काढून तपासलं का? नाही, ते फ्रीजरमध्येच आहे. त्यानेच पाहिलंय. नळीवर लेबल व्यवस्थित आहे.

ते मात्र व्यवस्थित असणारच.

मी म्हटलं, पुन्हा तपासायला काय लागतं? तो म्हणाला, काही नाही, जुन्या पद्धतीने तेवढा एक तुकडा वाचायचा, दोन-तीन दिवसांचं काम. म्हणजे कळल्याबरोबर केलं असतं तर आत्तापर्यंत होऊन गेलं असतं, आणि दोन बायकांना खरं काय ते कळलं असतं. हे मी बोलले नाही. त्याच्या तोंडावर ते दिसत होतं.

‘यशश्रीला फोन कर,’ मी म्हटलं. ‘आत्ता. इथून.’

‘पेशंटशी बोलायची परवानगी नसते. मी सही केलेली आहे तशी.’

‘आणि मला सांगायची होती?’

अळूतला एक शेंगदाणा त्याने बोटाने ताटाच्या कडेला नेला. मला तेव्हा कळलं की हा जेवायला आलेला नाही. सर्जापूर रोडवरून बनशंकरीला रविवारच्या गर्दीत कोणी अळूच्या भाजीसाठी येत नाही. तारीख अलीकडे आली आहे एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. बाकी तो सगळं ठरवून आला होता. स्वतः बोलायचं नाही, पण जी बोलेल तिच्या कानावर घालून जायचं, म्हणजे सहीही शाबूत आणि मनही. सात वर्षांच्या नोकरीत त्याने ही एकच गोष्ट धूर्तपणे केली आणि तीसुद्धा आईवर केली.

रत्नाकरांनी त्याची बाजू घेतली. ते नेहमी शांतपणे घेतात, त्यामुळे जास्त राग येतो. ते म्हणाले, ‘अगं, तिने मोठ्या मुश्किलीने मन तयार केलंय. प्रेमाचं तिने डोळ्यांनी बघितलंय. उद्या तू सांगायची की कदाचित दोष नाही, आणि परवा कळायचं की आहे, तर त्या पोरीचं काय होईल? शिवाय क्षितिजचं नाव बाहेर आलं तर तो तिथे राहील का?’

मी विचारलं, ‘तुमच्या कारखान्यात पंपाचा व्हॉल्व्ह उलटा बसलाय असं कळलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?’

‘पंप बंद केला असता.’

‘आधी तिकीट टाकलं नसतंत?’

पण त्यांचं म्हणणं मी उडवून लावलेलं नाही. प्रेमा गेली ती त्याच आजाराने, आणि दोष खरोखर यशश्रीचाही असू शकतो. क्षितिजसुद्धा ‘बहुधा’ म्हणतो, ‘नक्की’ म्हणत नाही. पण तपासून बघितल्याने कोणाचा अवयव जात नाही. न बघितल्याने जातो.

जेवणानंतर क्षितिजने वडिलांचा फोन घेतला आणि त्यातले सगळे फोटो एका डिस्कवर उतरवून दिले. तासभर तेच करत बसला. प्रत नीट उतरली का हे पाहायला आकडे जुळवले, फोल्डरला नाव दिलं, त्याचं तोंड जरा खुललं. त्याच्याकडे बघून मला वाटलं, हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान घाबरवता आलं असतं. त्याने कधी कोणाचं काही लुबाडलं नाही, कधी खोटं बोलला नाही. आपल्या हाताखालच्या एकाही फायलीला धक्का लागू दिला नाही. आणि जिने जिन्यात बसवून त्याला अपूर्णांक शिकवले ती बाई मंगळवारी टेबलावर चढेल, तेव्हा हा आपल्या जागेवर बसून तिच्या फायलीच्या तीन प्रती असल्याची खात्री करून घेत असेल.

निघताना मी त्याला भाजीचा डबा दिला आणि सांगितलं, आज रात्रीपर्यंत कोणाशी तरी बोल. यशश्रीशी बोल, नाहीतर सरांशी, नाहीतर तिच्या डॉक्टरांशी. लिहून नाही, तोंडाने. तो ‘सरी’ म्हणाला, म्हणजे कन्नडमध्ये बरं. रिक्षावाल्यांशी बोलून बोलून ते त्याच्या तोंडात बसलं आहे. ‘सरी, आई.’ डब्यावर तारीख लिहायला त्याने पेन शोधलं.

दहा वाजता त्याचा मेसेज आला. ‘तिकीट परत ओपन केलंय. प्रायॉरिटी हाय.’ खाली हात जोडल्याचं चित्र. मी फोन केला तेव्हा उचलला, आणि तुझे सर उद्या किती वाजता येतात असं मी विचारलं. तो म्हणाला, सर बुधवारपर्यंत हैदराबादला आहेत, पण मेल सगळ्यांना गेलाय, कोणीतरी बघेल.

कोणीतरी. इतकी शिकलेली माणसं त्या लॅबमध्ये आहेत, भिंतीवर मोठमोठ्या पदव्या लटकवलेल्या आहेत, आणि सगळेजण कोणीतरी बघेल या आशेवर बसले आहेत.

रत्नाकर झोपले आहेत. मी बराच वेळ या प्रश्नावर घालवला की मी नाही बोलले तर तो स्वतः बोलेल का. आईने दर वेळी धावायचं नसतं, असं कोणीही सांगेल, आणि चौतीस वर्षांच्या मुलाबद्दल ते एरवी योग्यही असेल. क्षितिजला हात वर करायला शिकवायचं काम अजून होऊ शकेल, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या. यशश्रीला पुढचं वर्ष नाही. तिला उद्या दुपारपर्यंतचा वेळ आहे. आणि त्या सातव्या बाईचं नावही मला माहीत नाही. ती कुठे राहते, किती वर्षांची आहे, काही नाही. आपल्याला काही नाही म्हणून ती आनंदात असेल, पुढच्या तपासणीलाही जाणार नाही. तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता मला एकच दिसतो. यशश्रीने लॅबमध्ये जाऊन माझं रक्त बाहेर काढा म्हणून बसायला हवं. तिचं चुकीचं ठरलं की सातवीचंही उघडावंच लागेल. यशश्री बसेल. ती शाळेत गणित शिकवते, चुकलेलं उत्तर बरोबर म्हणून सोडून देणारी नाही.

सकाळी सहाला ती मुलांचे डबे भरायला उठते. तेव्हा मी तिला फोन करणार आहे. इकडचं तिकडचं बोलायचं नाही. ऑपरेशन थांबव, डॉक्टरांना सांग की लॅबच्या रिपोर्टमध्ये नावांची अदलाबदल झाल्याची शंका आहे, रक्त पुन्हा तपासून घे, शक्य असेल तर दुसऱ्या लॅबमध्येही. दोष खरोखर असूही शकतो हेही सांगणार आहे, तिला खोटं काही द्यायचं नाही. ती विचारेलच की काकू, हे तुम्हाला कोणी सांगितलं. तेव्हा मी क्षितिजचं नाव घेणार आहे. त्याला विचारलेलं नाही.